एकोणिसावी विलापिका

तिने चिठ्ठी उघडली, वाचली, तिच्याच घडीवर पुन्हा घडी घातली आणि डब्यात परत टाकली. मग काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने दुसरी उचलायला हात घातला.

"अहं," सर म्हणाले. "परत टाकायची नाही. भाजी निवडताय का?"

वर्ग हसला. रविवारचा वर्ग होता तो. ज्यांचं शिक्षण कुठल्या ना कुठल्या कारणाने अर्धवट राहिलं होतं अशी मोठी माणसं आठवडाभर आपापली कामं करून इथे पदवी पुरी करायला येत. एक बसवाहक होता. पार्लर चालवणाऱ्या दोन जावा होत्या, त्या भांडण झालं की वेगवेगळ्या बाकांवर बसत आणि मिटलं की एका. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. आणि ही होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं काम करायची, म्हणून वर्गाने तिचं नाव चष्मेवाली ठेवलं होतं. तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण नावं काय अशी विचार करून पडतात थोडीच.

"सर, मला दुसरा कुठलाही कवी द्या," ती म्हणाली. "हा मला जमायचा नाही."

"का बरं?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कितीतरी वर्षांपासून तयार होतं. पण तिने दुसरंच दिलं.

"आवडत नाही," ती म्हणाली.

"मग तर झकास होईल. आवडत्या कवीबद्दल लोक नुसते आहाहा करतात." सरांनी डब्यातून तीच चिठ्ठी हुडकून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "अठ्ठावीस विलापिकांचा कवी आलाय यांच्याकडे. नशीबवान आहात."

मोजणीकाकांनी पहिल्या बाकावरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते हसले, आणि लगेच डोळ्यांत काही गेल्यासारखी त्यांनी मान फिरवली. तिने ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही.

सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. आयुष्य, काव्य, कालखंड. वीस मिनिटं. प्रत्येक विधानाला संदर्भ हवा; संदर्भ नसलेलं वाक्य म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा, असं ते म्हणत. आणि त्यांचा आणखी एक नियम होता, तो साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध होता. सादरीकरणाच्या दिवशी प्रत्येकाने घरचा एक श्रोता आणायचा. साहित्याशी काडीचा संबंध नसलेला असेल तर उत्तम. शेवटी सर त्या श्रोत्याला उभं करून विचारत, "काय कळलं?" त्याला काही कळलं नसेल तर तुमचे गुण गेले.

गोष्ट एवढीच होती की चिठ्ठीतला कवी तिचा बाप होता, आणि हे तिथे कुणालाही माहीत नव्हतं.

ती पाच वर्षांची असताना तो दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर रुजू व्हायला म्हणून एक बॅग घेऊन गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. चार-सहा महिने पत्रं आली, मग तीही थांबली. आईने कधीतरी शाळेत जाऊन मुलीच्या नावापुढे स्वतःचं माहेरचं आडनाव लावून घेतलं. दोन वर्षांनी ते पुस्तक आलं. गेलेल्या पत्नीला उद्देशून अठ्ठावीस विलापिका. पारितोषिकं मिळाली, आवृत्त्या निघाल्या, लोक ओळीच्या ओळी पाठ म्हणू लागले. आणि जिच्या मरणावर हे सगळं उभं राहिलं ती बाई त्या वेळी सरकारी इस्पितळाच्या कापडखोलीत धुऊन आलेल्या चादरी मोजत होती.

आता तो मरूनही अकरा वर्षं झाली होती. चरित्रकोशात त्याच्या नावापुढे तीन ओळी होत्या. 'पत्नीच्या अकाली निधनाने एकाकी. निरपत्य. पुनर्विवाह केला नाही.' तिसरं वाक्य तेवढं खरं होतं.

निरपत्य हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तो बारावीत. एकोणिसावी विलापिका त्या वर्षी पाठ्यपुस्तकात होती. बाई ती वर्गात अगदी जीव ओतून शिकवत होत्या, आणि तिसऱ्या बाकावर बसून ती ऐकत होती की ती जन्मालाच आलेली नाही. परीक्षेत प्रश्न आला: 'कवीच्या एकाकीपणाची कारणे लिहा.' तिने ती जागा कोरी सोडली. पास झाली, पण पुढे कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आई पुष्कळ मागे लागली, हिने ऐकलं नाही. एवढ्या वर्षांनी पुन्हा वही-पेन घेऊन बाकावर येऊन बसली, तर पहिल्याच सत्रात हा माणूस डब्यातून बाहेर आला.

सोमवारपासून तिचा पाय एका जागी ठरेना. काम बसून करायचं, पण ती दर दहा मिनिटांनी उठायची. पाणी प्यायची, खिडकी उघडायची, लावायची. तिरक्या नंबराची काच फ्रेममध्ये ठरलेल्या कोनातच बसवावी लागते. त्यासाठी आधी तिच्यावर शाईचे तीन ठिपके देतात आणि मग चाकाला लावतात. हे ती झोपेतसुद्धा करू शकली असती. त्या आठवड्यात तिने दोन काचा आडव्याच्या उभ्या बसवल्या. एका शिक्षिकेने चष्मा घातला आणि दुकानाचा दरवाजा वाकडा दिसतोय म्हणून तक्रार केली.

"काय गं," मालक म्हणाले, "लग्नबिग्न ठरलं की काय?"

"या वयात?"

"मग डोकं कुठंय?"

डोकं वीस मिनिटांच्या भाषणात होतं. काच पाण्याच्या धारेखाली चाकावर फिरत असे आणि ती ओठ न हलवता बोलत असे. बोलायला लागली की एवढं सगळं बाहेर येई की तळपायाची आग मस्तकात जाई. मी उभी राहीन, ती ठरवायची. पहिलंच वाक्य असेल, पत्नी जिवंत आहे. दुसरं, मुलगी तुमच्यासमोर उभी आहे. मग बघू, कोण आहाहा करतं ते. रोज ते भाषण थोडं लांबत होतं आणि रोज त्यात एखादा नवा टोमणा भरला जात होता.

आईला सांगायला तिला आठ दिवस लागले. दुपारची वेळ होती. आई खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्यांना बटणं लावत होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी घरातले अभ्रे इस्पितळाच्या शिस्तीतच असायचे, बटणं खालच्या बाजूला आणि सगळी एका रंगाची.

"सादरीकरणात कोण आलंय माहितीये का मला?" ती म्हणाली. "तो."

आईने दोरा दाताने तोडला. "कोण तो? नीट सांग."

"बाबा."

"मग बाबा म्हण ना. तो काय तो." आईने पुढचं बटण घेतलं. "काय काय सांगायचं असतं त्यात?"

"आयुष्य, काव्य, कालखंड."

"बराच वेळ जाईल की."

ती चिडली. खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली. "आई, तू ते पुस्तक कधी वाचलंयस तरी का?"

"न वाचायला काय झालं? माझ्याच मयताचं पुस्तक. मी नाही वाचणार तर कोण?" आई शांतपणे म्हणाली. "आमच्या मेट्रनच्या निरोप समारंभात एका डॉक्टरने त्यातली कविता म्हणली. सगळ्या जणी रडल्या. मी पण दोन थेंब काढले, एकटी कोरडी कशी बसू? मग दुसऱ्या दिवशी वाचनालयातून आणलं."

"आणि?"

"आणि काय. निम्म्यात पाणी घातलंय. ती उशीवरच्या केसाची आहे ना? 'तुझ्या उशीवरचा केस मी अजून उचललेला नाही.' अगं, उशी माझी. मी रोज त्या उशीवर झोपत होते. केस उचलायला हा होता कुठे?"

इतकी वर्षं मनात धरलेला राग असा एकदम हसण्यावारी जाईल असं तिला वाटलं नव्हतं. हसू आलं, आणि हसू आल्याचा तिला संताप आला.

"चौथी मात्र बरी आहे," आई म्हणाली. तिने सुई हवेतच थांबवली. "त्यात ती बाई चादरी मोजते. मोजताना तिचे ओठ हलतात. माझे हलतात तसे. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. त्याने पाहिलं होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ओरडून त्याला हात दाखवत होतं.

"पण असं का केलं त्याने?"

"निघून गेलेल्या माणसाच्या कविता कोण वाचणार गं? लोक म्हणतील, मग परत जा की घरी. बायको मेली म्हटलं की तोंडं बंद." आईने खांदे उडवले. "आणि त्या काळात फॅशनच होती. ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी मरत होतं."

हे मात्र खरं होतं. कालखंडाची टिपणं तिने काढली होतीच. घोषणांनी घसा बसलेले कवी तेव्हा घरात परतले होते, आणि घरात शिरल्या शिरल्या शोक करायला लागले होते. त्या दहा वर्षांत कवींच्या घरातलं एकही माणूस धड जगलं नाही, असं ते काव्य वाचून वाटावं.

"मी सांगू का सगळं वर्गात?" तिने विचारलं. "तू आहेस म्हणून. मी आहे म्हणून."

"माझी काही हरकत नाही. मला मेलेलं राहायची सवय झालीये. उलट बरं असतं, कुणी चौकशीला येत नाही."

"म्हणजे नको सांगू?"

"असं कुठे म्हटलं मी? माझ्याकडे परवानगी मागू नकोस, आणि त्याच्यावर सूड उगवायला म्हणून उभी राहू नकोस. मेलेल्या माणसाशी भांडून दमायला होतं. ही दोन सोडून जे उरेल ते बोल." तिने अभ्रा झटकून घडी घातली. "घरचा श्रोता म्हणून कुणाला नेणार आहेस?"

"दुकानातली काउंटरवरची येते म्हणालीये."

"दुकानातली कशाला? घरचा आणायचा ना? मी येते."

"तू?"

"मागे बसेन. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

त्यानंतरच्या रविवारी मोजणीकाकांनी तिला जिन्याखाली गाठलं. मधली सुट्टी होती, सगळे चहाच्या मशीनपाशी गर्दी करून होते. काकांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं. पाठ उसवलेली, पांढऱ्या चिकटपट्टीने तीनदा बांधलेली. पानांच्या कडेला बारीक पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, जमिनीचा नकाशा काढणाऱ्या माणसाच्या सरळ, टोकदार आकड्यांत.

"तुमच्या उपयोगी पडेल म्हणून आणलं," ते म्हणाले. "सांभाळून वापरा हां. माझं औषध आहे ते."

"औषध?"

"मंडळी गेली चार वर्षांपूर्वी. पहिले तीन महिने मी घरात दिवा लावला नाही. बहिणीने कुठून तरी हे आणून दिलं. तेव्हापासून रोज एक वाचतो. अठ्ठावीस झाल्या की पुन्हा पहिली." ते थोडं ओशाळून हसले. "या माणसाला कळलंय हो. आपल्याला बोलता येत नाही, याने लिहून ठेवलंय."

तिने पानं उलटली. एकोणिसाव्या कवितेच्या कडेला तारखा नव्हत्या, नुसती एक आडवी रेघ होती.

"ती आली की त्या दिवशी मी जेवायला बाहेर जातो," काका म्हणाले. "आम्हालाही मूलबाळ नाही ना. घरात बसवत नाही." मग जरा अडखळत म्हणाले, "तुम्ही वाचाल का ती, सादरीकरणात? मोठ्याने कुणाकडून ऐकलेली नाही मी. आपल्याच आवाजात वाचून वाचून कंटाळा येतो."

तिला हो म्हणावं लागलं. पुस्तक हातात घेऊन ती वर्गात गेली आणि दुसरा तास संपेपर्यंत फळ्यावर काय लिहिलंय हे तिला कळलं नाही. इतके दिवस भाषणात एक बाप होता, आई होती, ती होती आणि आहाहा करणारी ठोकळेबाज माणसं होती. त्या माणसांना तोंड नव्हतं. आता एकाला आलं.

घरी आल्यावर तिने कार्डं केली. दोन संच. एकात खरं, एकात छापलेलं. खऱ्याच्या संचातले टोमणे तिने एकेक करून खोडले. ते गेल्यावर तो संच फारच लहान उरला, दोन-तीन ओळींचा. तेवढ्यासाठी चार वर्षं मरमर करून सावरलेल्या माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढायची? ती घरभर फिरली. आईने दोनदा सांगितलं की बस, मला गरगरतंय. शनिवारी तिने खऱ्याचा संच फाडला आणि छापलेल्या माहितीची अकरा कार्डं रबराने बांधली. आपण शहाण्यासारखं वागलो असं तिने स्वतःला बजावलं. पण शहाणं वागल्यावर जी स्वस्थता वाटते म्हणतात, ती काही आली नाही.

सादरीकरणाच्या रविवारी पहिला नंबर बसवाहकाचा लागला. तो प्रेमकवितेवर बोलला, घाम पुसत पण सुरेख बोलला. घरचा श्रोता म्हणून सासूबाई आल्या होत्या. सरांनी त्यांना उभं करून काय कळलं ते विचारलं.

"जावई एवढं बोलतात हे कळलं," सासूबाई म्हणाल्या. "घरी का बोलत नाहीत तेवढं कळलं नाही."

वर्ग खो खो हसला. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. आई शेवटच्या बाकावर जावांच्या शेजारी बसली होती, हातातली पर्स मांडीवर उभी धरून. धाकटी जाऊ तिच्याकडे वळून मोठ्याने कुजबुजली, "अगदी तुमच्यावर गेलीये हो. हनुवटी तर हुबेहूब." आईने मान डोलावली. कबूल केल्याप्रमाणे ती अवाक्षर बोलली नाही.

आयुष्याची चार कार्डं तिने एका दमात संपवली. जन्म, शिक्षण, नोकऱ्या. विवाह. 'पत्नीच्या अकाली निधनानंतर,' ती म्हणाली, आणि संदर्भ म्हणून कोशाचा पान क्रमांक सांगितला. आवाज हलला नाही. तिने शेवटच्या बाकाकडे पाहायचं टाळलं. निरपत्य हा शब्द कार्डावर होता, तो तिने वाचला की नाही हे तिचं तिलाच आठवेना, कारण तेवढ्यात ती पुढच्या कार्डावर होती. काव्याबद्दल बोलली. कालखंडाबद्दल बोलली. आई म्हणाली होती ते, ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी मरत होतं, हे तिने जरा सभ्य शब्दांत सांगितलं आणि सर हसले. सगळं ठीक चाललं होतं. फक्त हातातली कार्डं ओली झाली होती.

"आता एक विलापिका वाचते," ती म्हणाली. "एकोणिसावी."

मोजणीकाका बाकावर सावरून बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, ऐकायला चष्म्याची गरज नव्हती म्हणून असेल.

"तुझी हनुवटी घेऊन
या घरात कुणी मोठं झालं नाही.
आरशाला विचारलं,
तोही माझ्याच चेहऱ्याने गप्प बसला."

पुढची ओळ होती. तिला ती तोंडपाठ होती, शिवाय समोर छापलेलीही होती. पण तिने मान वर केली. मागच्या बाकावरची धाकटी जाऊ तिच्याकडे पाहत होती, मग आईकडे, मग पुन्हा तिच्याकडे. वर्गात पंख्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, आपण इथे एवढ्या माणसांसमोर उभ्या आहोत, हनुवटीसकट, आणि आपल्याच तोंडाने सांगतोय की आपण नाही. बारावीत निदान जागा कोरी सोडली होती.

"हे खरं नाही," ती म्हणाली.

"कविता आहे ती," सर समजुतीने म्हणाले. "कवितेत खऱ्याखोट्याचा..."

"कवितेचं नाही म्हणत मी, सर. कविता असू दे. आयुष्याचं म्हणतेय. पहिला भाग आयुष्य आहे ना? तो मी चुकीचा सांगितला." तिने कार्डं टेबलावर ठेवली. "हे पुस्तक आलं तेव्हा पत्नी जिवंत होती. नोकरी करत होती. मुलगी सात वर्षांची होती. ते घरातून निघून गेले होते. एवढंच झालं होतं."

"संदर्भ?" सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मुलगी मी आहे, सर."

कुणीतरी बाक सरकवत होतं, ते थांबलं. सरांनी खडू खाली ठेवला. बसवाहकाच्या सासूबाईंनी शेजारी बसलेल्या जावयाला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हणाली ती?" त्याने त्यांना गप्प केलं.

ती फक्त मोजणीकाकांकडे पाहत होती. झालं, तिच्या मनात आलं, शेवटी केलंच आपण. त्यांचे दोन्ही हात बाकावर पालथे होते. चष्मा नसल्यामुळे त्यांचे डोळे लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत होते. चार वर्षं रोज एक, आणि या बाईने दोन वाक्यांत सगळ्याचा निकाल लावला. त्यांनी उठून निघून जावं, निदान काहीतरी टाकून बोलावं, म्हणजे सुटेन, असं तिला झालं.

"म्हणजे ती वारलीच नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"नंतर?"

"नंतरही नाही, काका. अजून आहे."

एखादा आकडा पुन्हा पुन्हा मोजून पाहावा तसं काकांनी ते मनात फिरवून पाहिलं असावं. मग त्यांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले आणि चेहरा असा उजळला की तो क्षणभर ओळखू येईना.

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं हो. एक तरी वाचली."

ती टेबलाला धरून उभी राहिली.

"कशी आहे आता ती?" काकांनी विचारलं. घरातल्या माणसाची चौकशी करावी तसं, अगदी अगत्याने.

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्याकडे आरोपाला उत्तरं होती, कौतुकाला होती, कालखंडालाही होती.

"बरी आहे," ती म्हणाली. "छान आहे. पेन्शन आहे. वाचते. गुडघे दुखतात तेवढे."

"एकच दुखतो," शेवटच्या बाकावरून आई म्हणाली. "डावा."